वाचकांचे प्रश्न : विमानाचे माइल्स, लाउंज आणि चुकाऱ्याचं वेळापत्रक

प्रश्न : आमची वरुडला संत्र्याची बाग आहे. मुलगी बंगळुरूला नोकरीला असते, म्हणून आम्ही दोघं वर्षातून तीनदा नागपूरहून विमानाने जातो. वार्षिक 3,000 रुपये फीचं ट्रॅव्हल कार्ड घ्या, लाउंज (विमानतळावरचा आरामकक्ष) फुकट, तिकिटं माइल्सवर (कार्डाच्या खर्चावर मिळणाऱ्या विमान-पॉइंटांवर), असे फोन येतात. कार्डावर वर्षाला दोन लाखांचा खर्च होईल. घ्यावं का?
– एक वाचक, वरुड

उत्तर : एवढी फी भरून नको. फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 3,540 रुपये. दोन लाखांतून डिझेल वजा करा, कारण इंधन, वॉलेट आणि ईएमआयवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. समजा 1,40,000 उरले. शंभराला 2 पॉइंट आणि 2 पॉइंटांचा 1 माइल असा दर असेल, तर वर्षाचे 1,400 माइल्स होतात.

माइलची किंमत तिकिटावरून काढायची. 5,500 रुपयांचं तिकीट 7,500 माइल्स आणि 1,000 रुपये कर भरून मिळत असेल, तर 4,500 भागिले 7,500, म्हणजे माइलला 60 पैसे. तुमचे 1,400 माइल्स 840 रुपयांचे. वेलकम माइल्स, म्हणजे नवं कार्ड घेतल्याची भेट, पहिल्याच वर्षी मिळतात, फी मात्र दरवर्षी लागते.

लाउंजसाठी बऱ्याच बँका आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला मागतात, आणि बागायतदाराची अडचण इथेच होते. आंबिया बहाराच्या संत्र्याचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, घरची मोठी खरेदीही तेव्हाच होते. त्या खर्चावर लाउंज उघडेल ते जानेवारी ते मार्चमध्ये. दिवाळीत मुलीकडे जाताना जुलै ते सप्टेंबरचा खर्च पाहिला जाईल, आणि त्या दिवसांत खत-फवारणी कृषी केंद्राच्या उधारीवर चाललेली असते. तीच खरेदी कार्डावर करायची म्हटलं, तर काही दुकानदार वर 2 टक्के लावतात. मग पॉइंटांचा फायदा तिथेच संपतो.

जोडीदाराचा प्रवेशही आधी विचारून घ्या. एका कार्डावर बहुधा एकच माणूस आत जातो, आणि ॲड-ऑन कार्डाला (तुमच्या खात्यावर घरच्या माणसाच्या नावाने निघणाऱ्या जोडकार्डाला) वेगळा कोटा असेलच असं नाही. कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळलं पाहिजे. दारावर कार्ड स्वाइप करताना सहसा 2 रुपये कापले जातात. ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करताना स्वाइपही बंद झालं असेल, तर कार्ड तिथेच नाकारलं जातं.

तुमच्यासाठी बिनफीचं, किंवा लाख-दीड लाखाच्या खर्चावर फी माफ होणारं कार्ड बरं. बँक आणि एकच विमान कंपनी मिळून काढतात ते को-ब्रँड कार्ड घेण्यापेक्षा अनेक कंपन्यांत पॉइंट वळवता येणारं घ्या. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या कार्डधारकांना नवे नियम मुकाट्याने स्वीकारावे लागले.

आणि बिल पूर्ण भरता येणार नसेल, तर कोणतंच कार्ड नको. बिनव्याजी मुदत जास्तीत जास्त 45-50 दिवसांची असते, संत्रा विकायला त्याहून वेळ लागतो. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकी ठेवली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं.

प्रश्न : माझ्याकडे रुपे किसान क्रेडिट कार्ड आहे. आयकर विवरणपत्र नाही. त्यावर लाउंज, माइल्स मिळतील का?
– एक कास्तकार, यवतमाळ जिल्हा

उत्तर : किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्जाची मर्यादा. तीन लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडलं तर 4 टक्के व्याज. इतकं स्वस्त कर्ज प्रवासात घालवू नका. ते थकलं की नव्या कार्डाचा अर्जही नाकारला जाऊ शकतो. विवरणपत्र नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मागा. ठेवीच्या साधारण 80-90 टक्के मर्यादा मिळते, ठेवीचं व्याज चालू राहतं आणि सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची, नोंद तयार होते.

प्रश्न : मुलाला शिकायला परदेशी पाठवतोय. माइल्ससाठी तिथला खर्च कार्डावर करावा का?
– एक वाचक, गोंदिया

उत्तर : साध्या कार्डावर परकी चलनाचा 3.5 टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के जातात. लाखामागे 4,130 रुपये. इतक्या किमतीचे माइल्स क्वचितच मिळतात. शून्य मार्कअपचं कार्ड द्या, आणि तिकडच्या मशीनवर ‘रुपयांत भरायचं का’ असं आलं की मुलाला तिथलंच चलन निवडायला सांगा.