धातू कमी म्हणजे वय कमी?

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीला धातूंचे प्रमाण अत्यल्प असलेल्या, अतिदूरच्या तरुण दीर्घिका सापडल्याचे वाचले. इतक्या लांबून हे प्रमाण मोजतात कसे, आणि धातू कमी असलेली दीर्घिका नवजात मानावी का?

उत्तर : खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम वगळता सर्वच मूलद्रव्यांची गणना धातूंत करतात; मोजमाप मात्र बहुधा ऑक्सिजनचे होते. तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन वर्णपटात ५००.७ नॅनोमीटरला ठळक, तर ४३६.३ नॅनोमीटरला अगदी फिकी रेषा उमटवतो. फिक्या रेषेसाठी वायूतील कणांच्या अधिक जोरकस टकरी लागत असल्यामुळे दोन्ही रेषांच्या तेजावरून वायूचे तापमान कळते : १०,००० केल्विनला ती ठळक रेषेच्या सुमारे १६०व्या हिश्शाइतकी असते, तर २०,००० केल्विनला सुमारे ३०व्या. तापमान हाती आले, की ऑक्सिजनच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांशी ताडून प्रमाण काढता येते. गंमत अशी, की वायूला थंड करण्याचे काम मुख्यतः ऑक्सिजनच करतो. तो कमी असला, की वायू अधिक तापलेला राहतो आणि ही फिकी रेषा तुलनेने उठून दिसते.

महास्फोटानंतर सुमारे ६० कोटी वर्षांनी निघालेल्या प्रकाशात ही रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन ४.१ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वेबच्या टप्प्यात येते. मात्र हायड्रोजनची ४३४ नॅनोमीटरची रेषा तिला इतकी खेटून असते, की ढोबळ वर्णपटात दोन्ही एकमेकींत मिसळतात. २०२२पासून मिळालेल्या वर्णपटांत काही दीर्घिकांमधील ऑक्सिजन सूर्याच्या तुलनेत जेमतेम काही टक्के आढळला आहे. आकाशगंगेपुढे त्या आकाराने आणि वस्तुमानाने फारच लहान आहेत.

धातू ताऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्यांत तयार होत जातात, म्हणून ते कमी म्हणजे दीर्घिका तरुण असे वाटते; वयाबाबत मात्र सावध राहिलेले बरे. बाहेरून आलेला ताजा हायड्रोजन धातूंचे प्रमाण पातळ करतो आणि अतिनवताऱ्यांचे स्फोट तयार झालेले धातू लहान दीर्घिकेबाहेर उडवून लावतात. त्यामुळे जुनी दीर्घिकाही धातुहीन भासू शकते. शिवाय काही दशलक्ष वर्षे वयाच्या ताऱ्यांच्या झगमगाटात आधीच्या पिढीचे मंद तारे लपून जातात, आणि दीर्घिकेचे वय व वस्तुमान दोन्ही कमी भरतात. आपल्या तुलनेने जवळच्या ‘आय झ्विकी १८’ या दीर्घिकेत ऑक्सिजन इतका कमी आहे, की ती नुकतीच जन्मली असावी असे काही संशोधक मानत. हबल दुर्बिणीने तिच्यात एक अब्ज वर्षांहून जुने तारे दाखवून दिले.