जुन्या डायलिसिस मशिनी गरीब देशांना पाठवल्या तर प्रश्न सुटेल का?

तुम्ही विचारलंय की गरीब देशांत इतकी माणसं डायलिसिसवाचून जातात तर श्रीमंत देशांतली हॉस्पिटलं त्यांच्या जुन्या मशिनी तिकडे का पाठवत नाहीत. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, रोज मशीनशीच काम, त्यामुळे स्पष्ट सांगतो, नुसत्या मशिनींनी हा प्रश्न सुटत नाही. मशीन एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, अडतं ते बाकीच्या गोष्टींवर.

प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी बघा. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात अंदाज दिलाय की 2010 साली जगात साधारण 26 लाख लोक डायलिसिस किंवा किडनी ट्रान्सप्लांटवर जगत होते आणि किमान 22.8 लाख लोकांना गरज असून यातलं काहीच मिळालं नाही. काहीच न मिळालेले हे लोक बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतले.

आता पाण्याचं बघा. एका पेशंटच्या चार तासांच्या एका सेशनला साधारण 120 लिटर पाणी लागतं आणि ते नुसतं पिण्यायोग्य असून भागत नाही, आरओ प्लांटमधून काढलेलं लागतं, कारण पेशंटचं रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावात एका सेंटरला आलेल्या पाण्यात शेवाळासारख्या जिवाणूंचं विष होतं, ते नीट शुद्ध झालं नाही आणि पन्नासपेक्षा जास्त पेशंट दगावले. मशीन कितीही चांगली असली तरी तिला पाण्यातलं विष कळत नाही. मग वीज. मध्येच लाईट गेली, बॅकअप नसला, की पंप थांबतो आणि पेशंटचं रक्त नळ्यांमध्ये अडकतं, ते आम्ही हाताने हँडल फिरवून परत शरीरात सोडतो. जिथे दिवसातून चार वेळा लाईट जाते तिथे रोज हेच करायचं का?

शिवाय डायलायझर म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, ब्लड लाईन म्हणजे रक्ताच्या नळ्या, सुया, रक्त गोठू न देणारं हिपॅरिन, पाण्यात मिसळायचं बायकार्बोनेट हे सामान प्रत्येक सेशनला लागतं, बऱ्याच देशांत ते सगळं बाहेरून डॉलर मोजून आणावं लागतं, डॉलर महागला की सेंटर बंद पडायची वेळ येते. आणि जुन्या मशीनचे पार्ट कंपनीनेच बनवणं थांबवलेलं असेल तर एका सेन्सरपायी ती कोपऱ्यात धूळ खात पडणार.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पेशंटची ओढाताण बघून. डायलिसिस आठवड्यातून तीनदा करायचं असतं आणि ट्रान्सप्लांट होत नाही तोवर आयुष्यभर. सेशन फुकट असलं तरी गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, इंजेक्शनं हे सगळं घरच्यांच्या खिशातून जातं, मग तीनाचे दोन होतात, दोनाचा एक, शेवटी माणूस धाप लागली की मगच येतो, तोवर फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं, पोटॅशियम वाढलेलं असतं. कागदावर तो 'डायलिसिस मिळणारा पेशंट' असतो हो! म्हणून कोणत्या देशात किती मशिनी आहेत या आकड्यावर माझा फार विश्वास नाही.

जिथे जागाच कमी तिथे कुणाला घ्यायचं हे कुणीतरी ठरवतं. दक्षिण आफ्रिकेत 1997 मध्ये डायलिसिस नाकारलेला एक पेशंट थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि कोर्टाने सांगितलं की साधनं मर्यादित आहेत, हॉस्पिटलचा नकार बेकायदेशीर नाही. तो थोड्याच दिवसांत वारला. आणि हे फक्त गरीब देशांत होतं असं समजू नका, अमेरिकेत सिएटलला साठच्या दशकात कोण जगणार हे एक कमिटी ठरवायची, 1972 मध्ये सरकारने खर्च उचलायचा कायदा केला तेव्हा तिथलं चित्र बदललं.

माझ्या मते गरीब देशांनी पोटाच्या डायलिसिसकडे, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसकडे, जास्त बघायला हवं. पोटात एक नळी (कॅथेटर) बसवतात, दिवसातून साधारण चार वेळा पिशवीतलं तयार औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी काढायचं, ना आरओ प्लांट ना मोठी मशीन. थायलंडने 2008 मध्ये सरकारी योजनेत पेशंटला सगळ्यात आधी हेच द्यायचं ठरवलं आणि पिशव्या थेट पेशंटच्या घरी पोचवल्या, 2022 मध्ये पेशंटना पद्धत निवडायची मुभा दिली. इन्फेक्शनची भीती असते, शिकवणारी चांगली नर्स लागते, पिशव्याही स्वस्त नाहीत, पण पेशंट आपल्या गावात राहू शकतो.

आणि एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. सगळ्यांनाच आयुष्यभर डायलिसिस लागत नाही. जुलाबाने सुकलेलं मूल, मलेरिया, साप चावलेला शेतकरी, बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई, यांची किडनी अचानक बंद पडते, पण थोडे दिवस सांभाळलं तर बऱ्याचदा पुन्हा चालू होते. इथे पोटाचंच डायलिसिस पुरतं, तयार पिशवी नसली तर रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज म्हणजे साखर मिसळून डॉक्टर जागेवरच पाणी बनवू शकतात, आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येही अडचणीच्या वेळी हे चालतं असं दिलंय. सेव्हिंग यंग लाइव्ह्ज नावाचा उपक्रम 2012 पासून आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या डॉक्टर-नर्सना हेच शिकवतो. पूर्ण बरं होऊ शकणारं सहा वर्षांचं पोर एका नळीपायी जाणं, हे मला कुठल्याच कारणाने पटत नाही.

तेव्हा मशीन पाठवायची असेल तर आधी तिथल्या सेंटरला फोन करून विचारा की आरओ आहे का, पार्ट मिळतात का, चालवणार कोण. बऱ्याचदा ते मशीन नाही, कॅथेटर आणि नर्सच्या ट्रेनिंगचा खर्च मागतील. तोच द्या.