गॅसचा ट्रक, मागं घर आणि पासिंगचा हिशोब

प्रश्न : नाना, नमस्कार. मी इंदिरानगरला राहतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो, त्याच्याकडे २०१९ ची फोर्ड एफ-२५० आहे, "गॅस"वाली, ६.२ लिटर इंजिन. आता तो फिफ्थ व्हील नावाचं चाकावरचं घर घेतोय, जुनंच आहे पण ३६ फुटी. मे महिन्यात आम्हा दोघांना बोलावलंय, नातवंडं धरून सहा जण युटाला जायचं म्हणतो. विकणारा म्हणतो हा ट्रक आरामात ओढेल. सुनेला शंका आहे, तिनं आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत : घराचं रिकामं वजन ११,४०० पौंड, भरून जास्तीत जास्त १४,०००, माहितीपत्रकात "हिच वेट" २,१५०, आणि ट्रकच्या दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर ३,१८०. मला तर गॅसचंच टेन्शन आलंय, एवढं धूड सिलिंडरवर ओढायचं म्हणजे काय? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी टेन्शन घालवतो. तिकडं गॅस म्हणजे पेट्रोल हो. गॅसोलीनचं गॅस. सिलिंडर असतात पण ते मागच्या घराला, शेगडी आणि हीटरसाठी, इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि फिफ्थ व्हील म्हणजे स्टेपनी पण नाही. आपल्या हायवेला न्हावाशेव्याचे कंटेनर ट्रेलर बघता ना, पुढं घोडा (नुसती केबिन आणि इंजिनवाली गाडी) आणि घोड्याच्या पाठीवर ती ग्रीस लावलेली गोल तबकडी, ट्रेलरची किंगपिन म्हणजे खाली आलेला जाड लोखंडी खुंटा तिच्यात अडकतो, तीच ही भानगड. जुन्या घोडागाड्यांना पुढचा आस वळवायला आडवं चाक असायचं, चार चाकांवर पाचवं, तिथून नाव आलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही तबकडी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर नाहीतर किंचित पुढं बसते.

आणि खरी मेख इथंच आहे. विकणारा सांगतोय ओढेल. अहो ओढेल की, ६.२ चं इंजिन काही लेचंपेचं नाही, ३८५ हॉर्सपॉवर आणि ४३० फूट-पौंड टॉर्क (फिरवायचा जोर) आहे. पण प्रश्न ओढायचा नाहीये, उचलायचा आहे. ज्यांनी बैलगाडी हाकलीये त्यांना हे दोन शब्दात कळतं, माल मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि बैल वर उचलले जातात, पुढं जास्त भरला की धुरजड, जू मानेवर बसतं. फिफ्थ व्हील मुद्दाम धुरजड बनवतात, एकूण वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के वजन त्या पिनवरून थेट ट्रकच्या पाठीवर येतं, म्हणूनच ते रस्त्यावर डुलत नाही, बंपरला अडकवलेल्या ट्रेलरपेक्षा फार स्थिर चालतं. पण ती मान तुमच्या मुलाच्या ट्रकची.

आता सूनबाईंचे आकडे घेऊ. बाई हुशार आहे, नेमके हवे तेच चार आकडे पाठवलेत. ३,१८० म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. ट्रक पेट्रोल टाकी फुल्ल धरून उभा आहे, त्यावर माणसं, सामान आणि पिनचं वजन सगळं मिळून तेवढंच चालतं. लोक इथं फसतात, माणसं मोजतच नाहीत. मुलगा १८०, सून १४०, दोन्ही नातवंडं मिळून १०५ धरली, तुम्ही दोघं २८०, झाले ७०५. हौद्यातली ती तबकडी म्हणजे हिच, लोखंडाचं धूड आहे, २०० पौंड. हत्यारं, फळ्या, दोरखंड १००. राहिली पिन. माहितीपत्रकातला "हिच वेट" २,१५० म्हणजे पिनवर येणारं वजनच, पण तो आकडा विसरून जा, तो कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या घराचा आहे, त्यात बॅटरी नाही, भरलेले सिलिंडर नाहीत, तुमच्या सौ. नेतील तो मसाल्याचा डबा तर नाहीच नाही, आणि ही घरं अशी बनवतात की सामानाचं सगळ्यात मोठं कपाट बरोबर पिनच्या मागंच असतं. ६० गॅलन पाणी भरलं तर नुसत्या पाण्याचे ५०० पौंड. तेव्हा भरलेलं घर १३,००० धरा आणि त्याचे २१ टक्के, पिन झाली २,७३०.

बेरीज ३,७३५. पासिंग ३,१८०. म्हणजे ५५५ पौंड ओव्हरलोड, किलोत अडीचशे, कांद्याच्या पन्नास किलोच्या पाच गोण्या. आणि तुम्ही लगेच सौ. ना म्हणू नका की आपण नकोच जायला, तुम्ही दोघं नाशकात बसलात तरी २७५ जास्तच होतात. विकणाऱ्याचं गणित कसं बसतं तेही बघा, रिकामी पिन २,१५०, त्यात मुलगा-सून-नातवंडं, हिच आणि हत्यारं घातली की २,८७५ होतात, कागदावर पास. फक्त रिकामं घर घेऊन कोणी सहलीला जात नाही.

हे झालं उभ्या गाडीचं. आता घाट. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर आहे, आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट, म्हणजे पोरगं राहतंच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. तिथून युटाला जायचं तर आय-७० हायवेनं आयझेनहॉवर बोगद्यातून जावं लागतं, तो ११,००० फुटांच्या वर, कळसूबाईवर दुसरी कळसूबाई. बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा) पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के उतरते, हवाच विरळ, इंजिन काय खाणार. बोगद्यापाशी एक तृतीयांश ताकद गेलेली असते, ३८५ चे २६० च्या आसपास उरतात. त्याच वर्षीच्या डिझेल एफ-२५० ला ९३५ फूट-पौंड टॉर्क, वर टर्बो, त्यामुळं ती उंचीवर फारशी दमत नाही. पेट्रोलवाली चढेल, पण ट्रकांच्या लेनमधून, चार-साडेचार हजार आरपीएमला बोंबलत. त्या बोंबलण्याला घाबरायचं नाही, पेट्रोल इंजिनाची ताकद तिथंच असते. आपल्या कसारा घाटात रेल्वेला १ः३७ च्या चढाला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि त्या बोगद्याच्या पलीकडचा उतार ७ टक्के आहे, म्हणजे जवळपास १ः१४.

मला चढापेक्षा उताराची काळजी जास्त. डिझेल ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानं गाडी धरणारा) असतो, पेट्रोलला नसतो, तिला गिअरवरच धरावं लागतं, टो-हॉल मोड (मागं वजन असताना गिअर धरून ठेवणारं बटण) चालू आणि उतार लागायच्या आधीच खालचा गिअर. मी १९८७ साली कांदा भरून वाशी मार्केटला निघालो होतो, कसारा घाटात डिझेल वाचवायची हौस आली आणि न्यूट्रल केली. तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल लाकडासारखं झालं, दाबतोय पण गाडी ऐकत नाही, मागच्या ड्रममधून निळा धूर आणि तो जळक्या लायनरचा वास. क्लीनर खाली उतरून चाकाखाली दगड टाकायला धावला. डोंगराकडच्या नालीत चाक घातलं म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. तेव्हा मुलाला सांगा, घराला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, त्यांचा कंट्रोलर केबिनमध्ये नीट सेट करून, रिकाम्या मैदानात ताशी वीस मैलाला तपासून मगच निघ.

मग करायचं काय. ट्रक विकू नका, चांगला आहे, आणि एक गंमत सांगतो, पेट्रोलवाल्या एफ-२५० चं पासिंग डिझेलवालीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच असतं कारण डिझेल इंजिन स्वतःच कित्येकशे पौंड जड. नुसतं डिझेल घेतलं की प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांनी स्टिकर वाचलेलं नसतं. उलटा हिशोब करा : ३,१८० मधून माणसं, हिच, हत्यारं गेली की पिनसाठी २,१७५ उरतात, म्हणजे भरलेलं घर दहा हजार पौंडाच्या आसपास. तुम्ही नसताना साडेअकरा हजार. तेवढं घर शोधा, २८-३० फुटी छान मिळतात. ३६ फुटीच पाहिजे म्हणून अडून बसला तर एफ-३५०, मागं चार चाकं असलेली, तिला तिकडं ड्युअली म्हणतात, ती पेट्रोलमध्येसुद्धा हे वजन पाठीवर सहज घेते. चढाला धापा टाकेलच, पण ते चालतं.

दोन गोष्टी पटकन. मागच्या एक्सलचा गिअर रेशो ३.७३ आहे की ४.३० ते बघायला सांगा, ४.३० असेल तर ओढायची मर्यादा बरीच वाढते (पाठीवरची नाही). आणि हौदा पावणेसात फुटी असेल तर सरकणारी हिच घ्यावी, नाहीतर काटकोनात वळवताना घराचा कोपरा केबिनची मागची काच फोडतो.

आणि काटा करायचाच. आपण पिंपळगावला भुईकाट्यावर ट्रॅक्टर आधी भरलेला आणि मग रिकामा चढवतो तसंच, तिकडं हायवेच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर वेगवेगळे मोजून पावती देतात. एकदा सगळी मंडळी बसवून नुसता ट्रक, एकदा घर जोडून. दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन्ही आसांच्या बेरजेतून पहिली पावती वजा केली की खरी पिन कळते. विकणारा सौद्याआधी काट्यावर न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : नाना, माझे मेहुणे ह्युस्टनला आहेत, वर्षातून तीन-चारदा समुद्राकाठी फिफ्थ व्हील घेऊन जातात, घर भरून ९,००० पौंड. नवीन ट्रक घेताना डिझेलसाठी आठ-दहा हजार डॉलर जास्त द्यावेत का? – एक वाचक, ओझर

उत्तर : नाही. सपाट मुलूख, समुद्रसपाटी, वर्षात चार फेऱ्या. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन २०२० पासून येतंय, ४३० हॉर्सपॉवर, ह्या कामाला पुरून उरतं. ओढताना गॅलनला सात ते नऊ मैल देईल, म्हणजे आपल्या हिशोबानं लिटरला तीन ते पावणेचार किलोमीटर, पंपावर तोंड वाकडं होणार, पण चार फेऱ्यांत दहा हजार डॉलरचं पेट्रोल जळत नाही.

प्रश्न : पिकअपला दीड टन पासिंग आहे, टोमॅटोचे क्रेट जास्त भरले की मागून बसते. मागं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून घेऊ का? तिकडं अमेरिकेत म्हणे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे) बसवतात. – एक वाचक, निफाड

उत्तर : बसवतात, आणि तिकडंही तीच चूक करतात. पाट्यानं नाहीतर एअरबॅगनं गाडी सरळ उभी दिसेल, हेडलाइट झाडावर मारणार नाही, इतकंच. आस तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. आरसी बुकात पण दीड टनच राहणार. मागच्या टायरच्या बाजूला लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा) आकडा लिहिलेला असतो तो फोटो काढून पाठवा आणि क्रेट किती भरता तेही खरं खरं लिहा, मग पुढच्या अंकात बोलू.