सान्सचं 'कानारिओस' माझ्या गिटारवर जड का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लासिकल गिटारवर सतराव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्सची 'कानारिओस' ही नाचाची धून बसवलीय, पण बरोक गिटारच्या (सान्सच्या काळच्या गिटारच्या) रेकॉर्डिंगमधला हलकेपणा येत नाही; हात कमी पडतोय की वाद्य?

मुख्यतः वाद्य. सान्सचं शिकवणीचं पुस्तक 1674 साली सारागोसात छापलं गेलं. तेव्हाच्या गिटारला सहावी तार नव्हतीच. तारांच्या पाच जोड्या असत. त्यातही चौथ्या-पाचव्या जोडीला जाड तारा लावायच्या की नाही, यावर सान्स स्वतः लिहितो: रोममधले उस्ताद दोन्हीकडे बारीक तारा लावतात, स्पेनमध्ये जाड. नुसतं झणझणीत स्ट्रमिंग करायचं असेल तर जाड ठीक, पण एकेक स्वर छेडायचा असेल तर बारीकच बऱ्या, असं त्याचं मत. म्हणजे पाचवी तार आजच्यापेक्षा सप्तकभर वर, चौथीही तशीच, आणि सगळ्यात खालचा स्वर तिसऱ्या तारेचा! खर्ज जवळजवळ नाहीच. सरळ सुरावटीतले लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर पडतात आणि एकमेकांत मिसळून घणघणत राहतात. याला 'कांपानेलास' म्हणतात, म्हणजे छोट्या घंटा. तुमच्या प्रतीत बहुधा सहावी तार डी-ला उतरवून खाली बेस घातलाय. जडपणा तिथून येतो.

नवं वाद्य लगेच घेऊ नका. जुन्या गिटारवर पाचव्या जागी बी-ची (दुसरी) तार लावून ए-ला उतरवा, चौथ्या जागी ई-ची (पहिली) तार लावून डी-ला. खाचा मोठ्या असल्याने थोडी खडखडेल, चालतं. सहावीला हात लावू नका. तेवढाही खटाटोप नको असेल तर उकुलेले घ्या. त्याची चौथी तार अशीच उंच असते आणि त्यावर सान्स वाजवणारे बरेच आहेत.

मग सान्सच्या पुस्तकातलं टॅब्लेचर (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं लेखन) मुळातून वाचा. छापील प्रतीचं स्कॅन नेटवर मोफत मिळतं. एकच सावधगिरी: सगळ्यात वरची रेघ म्हणजे पाचवी तार, आपल्या नेहमीच्या टॅबच्या उलट. अक्षरं दिसली तर ती कॉर्डची खूण. ए म्हणजे जी मेजर, बी म्हणजे सी मेजर. अक्षरांचा स्वरनावांशी काही संबंध नाही, पाठच करावं लागतं.

आता हाताचा भाग. कानारी बेटांच्या नावाचा हा नाच उड्या आणि टाचा आपटण्याचा. सहा मात्रा एकदा तीन-तीन, लगेच दोन-दोन-दोन अशा पडतात. आधी टाळी देऊन तोंडाने म्हणा, मग तार छेडा. मेट्रोनोमवर सहाही मात्रा सारख्या वाजवल्यात तर नाच मेला. बहुतेकांच्या कानात स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोने 1954 साली सान्सच्या सुरावटींवर रचलेली ऑर्केस्ट्राची 'फांतासिआ' असते. सुंदरच आहे, पण तिचा दिमाख इथे आणू नका.

स्ट्रमिंगसाठी मात्र कानारिओसवर अडून बसू नका, सान्सचाच दुसरा नाच 'खाकारास' घ्या. आणि सान्स जमला की त्याच्यानंतरचा स्पॅनिश गिटारवादक सांतिआगो दे मुर्सिआ. त्याच्या रचनांचं एक हस्तलिखित 1943 मध्ये मेक्सिकोत सापडलं. त्यातल्या 'कुम्बे' या आफ्रिकी वळणाच्या नाचात गिटारवर थापाही मारायच्या असतात. मला विचाराल तर सान्सपेक्षा तोच जास्त मजा देतो.