संसदेच्या सभागृहात डोअरकीपर नेमकं काय करतात? नुसतं दार उघडायचं काम असतं का?

नाही हो, दार उघडणं हा त्यातला अगदी छोटा भाग. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचंच घ्या, तिथले डोअरकीपर काळा टेलकोट आणि पांढरा बो टाय घालतात, पुढे देवांचा दूत मर्क्युरी याचा बॅज लटकलेला असतो, कारण निरोप पोचवणं हे त्यांचं जुनं काम. मतदान लागलं की इमारतभर घंटा वाजतात, सदस्य धावत येतात आणि साधारण ८ मिनिटांनी स्पीकरने सांगितलं की हे लोक दारं लॉक करतात, मग कितीही मोठा मंत्री असो, बाहेर राहिला तर त्याचं मत गेलं. मला हे फार भारी वाटतं, नियम सगळ्यांना सारखा.

दाराला एवढं महत्त्व का, तर १६४२ मध्ये राजा चार्ल्स पहिला पाच सदस्यांना पकडायला स्वतः सभागृहात घुसला होता. म्हणून आजही अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा प्रतिनिधी ब्लॅक रॉड आला की त्याच्या तोंडावर दार बंद करतात, तो काठीने तीनदा ठोठावतो तेव्हाच आत घेतात.

अमेरिकेत सिनेटने १७८९ मध्येच डोअरकीपर नेमला, तेव्हा बैठका बंद दाराआड व्हायच्या ना. तिथल्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज या कनिष्ठ सभागृहातलं हे पद मात्र १९९५ मध्ये रद्द झालं आणि कामं इतर अधिकाऱ्यांकडे गेली.

बाकी पाहुण्यांची गॅलरी सांभाळणं, कोणी गोंधळ घातला तर शांतपणे बाहेर नेणं आणि शेकडो सदस्यांचे चेहरे लक्षात ठेवणं हे रोजचंच. माझ्या मते चेहरे ओळखणं हेच सगळ्यात अवघड, निवडणुकीनंतर ढीगभर नवीन लोक येतात आणि कोणाला अडवायचं कोणाला नाही ते लगेच ठरवावं लागतं.