दोन आठवड्यांच्या वैद्यकीय सेवेसाठी परदेशात जावे का? तिथल्या लोकांना अशा पाहुण्यांविषयी काय वाटते?

आपण एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहात, एका संस्थेकडे शुल्क भरून टांझानियातील खेड्यांत आरोग्य शिबिरांसाठी जाणार आहात, आणि यजमानांना हे कितपत रुचते असे आपण विचारले आहे. टांझानिया मी पाहिलेला नाही. मात्र नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी म्हणून मी अनेक वर्षे नोकरी केली आणि परदेशी पथके आमच्याकडे येत असत, त्यामुळे यजमानाच्या जागेवरून जे दिसते ते सांगू शकतो.

ही पथके डिसेंबर-जानेवारीत यायची, कारण तेव्हा त्यांना नाताळची सुट्टी असे. दिवाळीनंतर आमच्याकडील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात आणि पाड्यांवर म्हातारी माणसेच तेवढी उरतात. ताप, हगवण आणि कुपोषित मुलांची गर्दी पावसाळ्यात होते. तेव्हा रस्ते खचतात, माणसे अपुरी पडतात, आणि तेव्हा पाहुणे कधी आले नाहीत. कधी यावे, हे आम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

एका शिबिरानंतर तीन महिन्यांनी एक आजी माझ्या खिडकीशी आल्या आणि लुगड्याच्या पदराची गाठ सोडून त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी काढली. आत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि वरची चिठ्ठी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. तीस दिवसांच्या गोळ्यांपैकी निम्म्याहून अधिक शिल्लक होत्या, कारण डोके दुखेल तेव्हाच एक घ्यायची, असा त्यांचा समज झाला होता. पथकाचा डॉक्टर इंग्रजीत बोलला, आमच्या परिचारिकेने त्याचे मराठी केले, आशाताईंनी ते पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत सांगितले, आणि ‘रोज, आयुष्यभर’ हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळाले. ते औषध आमच्या साठ्यात नव्हते आणि केसपेपर पथकाबरोबर गेला होता. आजींचा रक्तदाब पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला. त्या डॉक्टरचे निदान अचूक होते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

उरलेली खोकी माझ्याकडे सोडून पथक गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेल्या औषधाची मुदत देशात पोहोचल्यापासून किमान एक वर्ष उरलेली असावी आणि त्यावरील मजकूर तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना समजणाऱ्या भाषेत असावा. या खोक्यांची मुदत चार महिन्यांत संपत होती. मग यादी, पंचनामा, निर्लेखनाची, म्हणजे साठ्यातून वगळण्याची, परवानगी असे सगळे सोपस्कार माझ्या माथी आले, आणि शिबिराच्या त्या आठवड्यात गाडी व दोन परिचारिका पाहुण्यांच्या दिमतीला दिल्यामुळे दोन पाड्यांचे लसीकरण पुढे ढकलावे लागले. पाहुण्यांच्या अहवालात हा खर्च येत नाही. यजमानही तोंडावर बोलत नाहीत, कारण दारी आलेल्या माणसाला असे सांगणे बरे दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी मिळणारे यंत्र हातचे जाईल ही भीतीही असते.

तरीही येऊ नका, असे मी म्हणणार नाही. एक भौतिकोपचार तज्ज्ञ बाई सलग तीन वर्षे आल्या. जन्मतः पाय आत वळलेल्या बाळांना दर आठवड्याला नवे प्लास्टर असे काही आठवडे घालावे लागते आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री विशिष्ट बूट वापरावे लागतात, म्हणजे पंधरा दिवसांच्या मुक्कामात हा उपचार पुरा होणे शक्यच नाही. हे ओळखून त्यांनी स्वतः एकही प्लास्टर घातले नाही. आमच्या कर्मचाऱ्यांच्या हातांशेजारी आपले हात धरून त्या उभ्या राहत आणि अंगठा कुठे टेकवायचा एवढेच दाखवत. त्या परतल्यावर पुढच्याच आठवड्याचे प्लास्टर आमच्या माणसाने घातले.

लघुमुदतीच्या अशा कामांसाठी 2020 मध्ये ‘ब्रोशे जाहीरनामा’ तयार झाला. गरज काय आहे हे यजमान देशाने व तिथल्या समाजाने ठरवावे आणि स्थानिक कायदा पाळावा, ही त्यातील तत्त्वे आहेत. कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 मध्ये परदेशी डॉक्टरांसाठी तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे; टांझानियाची वैद्यकीय परिषद वेगळी आहे आणि तिची परवानगी लागते का, हे आपणच पाहायला हवे. आपण तर अजून विद्यार्थी आहात. जे टाके किंवा जी प्रसूती आपल्या महाविद्यालयात एकट्याने करण्याची मुभा आपल्याला नाही, ती तिथे ‘हाताला सवय व्हावी’ म्हणून करू नये. गरिबाच्या अंगावर सराव करण्याचा अधिकार सीमा ओलांडल्याने मिळत नाही.

संस्थेचे माहितीपत्रक बाजूला ठेवून थेट त्या गावच्या आरोग्य केंद्राला पत्र लिहा. आपल्याला कोणी बोलावले आहे, हा महिना त्यांना सोयीचा आहे का, रुग्णांच्या नोंदी त्यांच्याच वहीत राहतील का, आणि आपण दिलेली गोळी दुसऱ्या महिन्यात तिथे मिळेल का, हे विचारा. उत्तर आल्याखेरीज तिकीट काढू नका. आणि ‘येऊ नका, तेवढेच पैसे आमच्या परिचारिकेच्या प्रशिक्षणाला द्या’ असे उत्तर आले, तर ते अपमान न मानता स्वीकारा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.