पेंटाहोला मायएसक्यूएलचा ड्रायव्हर सापडत नाही

प्रश्न : पेंटाहो डेटा इंटिग्रेशन या डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाची जुनी आवृत्ती वापरतो. मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसचं कनेक्शन बनवलं. होस्ट, ३३०६ पोर्ट, युजर, पासवर्ड सगळं तपासलं. कमांड लाइनवरून लॉगिनही होतं. पण 'टेस्ट' दाबलं की 'ड्रायव्हर क्लास सापडला नाही' असा एरर येतो. ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणाऱ्या जोडणीच्या प्रोग्रामची) जार फाइल लिब फोल्डरमध्ये टाकलेली आहे.

उत्तर : हा एरर येतो तेव्हा पेंटाहो मायएसक्यूएलच्या सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नसतं. फायरवॉल आणि पासवर्डच्या मागे लागू नका, भानगड जारची आहे.

आधी साधं बघा. जार 'डेटा-इंटिग्रेशन'च्या आतल्या 'लिब'मध्येच हवी, आणि झिप उघडून आतली जार टाकलेली हवी. हा फोल्डर स्पून (पेंटाहोचा खिडकीवाला प्रोग्राम) सुरू होतानाच वाचला जातो, म्हणून स्पून पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जुनी जार तिथेच पडून असेल तर काढून टाका. दोन्ही असल्या की कुठली उचलली जाईल याचा भरवसा नाही.

एवढं करूनही तोच एरर आला, तर त्यात क्लासचं नाव काय आहे ते वाचा. जुनं पेंटाहो 'ऑर्ग.जीजेटी.एमएम.मायएसक्यूएल.ड्रायव्हर' शोधतं. हे नाव ५.१ मालिकेच्या ड्रायव्हरमध्ये होतं, ८.० मध्ये काढून टाकलं. अशा वेळी कनेक्शनचा प्रकार 'जेनेरिक डेटाबेस' निवडा, ड्रायव्हर क्लास 'कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर' द्या (रोमन लिपीत, 'ड्रायव्हर'चा डी तेवढा कॅपिटल) आणि यूआरएल 'जेडीबीसी:मायएसक्यूएल://होस्ट:३३०६/डेटाबेस' अशी स्वतः लिहा.

यानंतर 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' दिसलं तर हायसं वाटू द्या, ड्रायव्हर लागला आहे. मायएसक्यूएल ८.० च्या नव्या पासवर्ड पद्धतीत एसएसएल (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) नसेल तर हा अडथळा येतो. 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' हा पर्याय यूआरएलमध्ये 'ट्रू' केला की कनेक्शन जुळतं. पण असुरक्षित नेटवर्कवर एसएसएल चालू करणंच बरं. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर त्या संदेशातलं '@' नंतरचं नाव बघा. लोकलहोस्टपुरता बनवलेला युजर दुसऱ्या मशीनवरून चालत नाही.

प्रश्न : 'जेनेरिक' केल्यावर कनेक्शन झालं, पण मोठं टेबल वाचताना मेमरी संपते. पूर्वी असं होत नव्हतं.

उत्तर : मायएसक्यूएलचा ड्रायव्हर मुळात क्वेरीचा सगळा निकाल एकदम मेमरीत ओढतो. 'मायएसक्यूएल' प्रकारात पेंटाहोची 'रिझल्ट स्ट्रीमिंग'ची खूण ते टाळते. 'जेनेरिक'मध्ये ती सोय नाही. यूआरएलच्या शेवटी 'यूज कर्सर फेच' ट्रू आणि 'डिफॉल्ट फेच साइज' १००० असे पर्याय जोडा. पहिल्या पर्यायाआधी प्रश्नचिन्ह, पुढच्यांआधी '&'. नावं सलग लिहायची, मध्ये जागा नाही, आणि पहिला शब्द सोडून प्रत्येक शब्दाचं आद्याक्षर कॅपिटल.

जॉब रात्री दुसऱ्या सर्व्हरवर 'किचन'मधून (पेंटाहोचे जॉब कमांड लाइनवरून चालवणारा प्रोग्राम) चालत असेल तर तिथल्या लिबमध्येही हीच जार टाका. स्पूनमध्ये चालतं आणि रात्री पडतं, याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.